धुतलेली काच

मुरुमच्या महांतप्पा फोटोवाल्यानं फ्रेमवरचं फडकं काढलं आणि नीलम्माच्या अंगाचा तिळपापड झाला.

फोटोत तिचे वडील बंडप्पा होते. वारल्यावर लिंगायत रीतीप्रमाणं मांडी घालून बसवलेले, कपाळभर भस्म, डाव्या तळहातावर इष्टलिंग. अगदी स्वच्छ आले होते. त्यांच्या शेजारी नीलम्मा. नाकात नथ, केसांत फुलं.

"हे तोंड माझ्या लग्नातलं हाय," ती म्हणाली.

"व्हय अक्का. त्या दिवशी आभाळ आलेलं. कमी उजेडात माझ्या कॅमेऱ्याला लई वेळ लागतो. हालू नका म्हणलो होतो, तुम्ही हाललात. तुमच्या जागी नुसता धूर आला. मग लग्नाच्या फोटोतलं तोंड कापून तिथं चिकटवलं आन् त्याचा पुन्ना फोटो काढला. जोड दिसतो का बघा."

जोड दिसत नव्हता. भाऊ शिवलिंग खूश होता. "बेस झालंय. आपल्या दुकानात लावू. धुरापरीस बरंच की."

"अप्पांच्या ओठावर माशी बसली होती. ती हाकलायला हात उचलला म्या. तू समोरच होतास. तुला दिसली न्हाय?"

शिवलिंगनं उपरणं सारखं केलं.

अप्पा उभ्या जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर बसले नव्हते. बापलेकीचा हा एकच फोटो, आणि त्यात बाप मेल्यावर लेक नटून बसली होती.

"मला तो धुराचा द्या."

"तो कागद कापाकापीत गेला, अक्का."

"कॅमेऱ्यातली मूळची काच असंल, जिच्यावर फोटो उठतो ती. तिच्यावरनं दुसरा काढा."

महांतप्पानं फ्रेमवर बोट टेकवलं. "मोठी लढाई संपली तरी हैदराबादेहून फ्रेमला काच येईना. तीच काच सोड्याच्या कढत पाण्यात धुतली आन् हितं बसवली. एक डाग ठेवला न्हाय, बघा."

नीलम्मानं फ्रेम पालथी घातली. मागचे खिळे नखानं उचकटले, पुठ्ठा काढला, फोटो काढून शिवलिंगच्या हातात कोंबला.

"लाव दुकानात. गिऱ्हाइकानं इचारलं तर सांग, बापाच्या तोंडावर माशी होती आन् पोरगी फुलं माळून बसली होती."

काच तिनं पदरात गुंडाळली आणि पायरी उतरली.

"अक्का, त्या काचंवर आता काय बी न्हाय," महांतप्पा मागून म्हणाला.

"ठावं हाय. तुम्हीच पुसलंय."