मला घर म्हणू नका

मी एक जुनी हातगाडी आहे. नीट ऐका हं मित्रांनो, गाडी! घर नाही, दुकान नाही आणि गाळा तर नाहीच नाही. हे एवढे ठासून सांगायचे कारण असे की, मध्यंतरी मला भर रस्त्यात, चारचौघांच्या देखत इमारत ठरवण्यात आले होते आणि उलट बोलायला तेव्हा मला तोंड नव्हते. आज आहे. तेव्हा आज मी बोलणार!

माझा जन्म सुताराच्या अंगणात झाला. शाळेने भंगारात काढलेल्या बाकांच्या फळ्या त्याने रंधून गुळगुळीत केल्या, लोखंडी सांगाड्यावर तळाला आणि तीन बाजूंनी बसवल्या, खाली चार चाके लावली आणि वर पत्र्याचे छप्पर टाकले. माझ्या एका फळीवर कर्कटकाने कोरलेले अजून दिसते, ‘भूगोल नको’. रंधा मारूनही ते गेले नाही. त्यामुळे मी शिकलेल्या खानदानातली आहे, असे मी मानते. मला पहिल्यांदा ढकलून पाहताना सुतार म्हणाला होता, “ही पोरगी पाय लावून पळणार.”

मला विकत घेतले ते मावशीने. ती कुणाची सख्खी मावशी होती ते मला माहीत नाही, पण सगळे तिला मावशीच म्हणत. तिने माझ्यावर शिवणयंत्र बसवले. कपडे उसवायचे, कापायचे आणि गिऱ्हाइकांशी भांडायचे, ही तिन्ही कामे तिच्या नणंदेकडे होती. नणंदेला लोक कात्री म्हणत. हातातल्या कात्रीमुळे म्हणत की तोंडातल्या, ते तुम्हीच ठरवा.

काय ते दिवस होते, मित्रांनो! सकाळी शाळेच्या फाटकाशी, दुपारी बँकेच्या कोपऱ्यावर, संध्याकाळी बाजारात. कुणाची चेन अडकलेली, कुणाचा खिसा फाटलेला, कुणी उंच झालेले आणि स्कर्ट मात्र होता तेवढाच राहिलेला! एकदा पोस्टमनच्या पिशवीचा पट्टा ऐन वाटेत तुटला, तर मावशीने मला रस्त्याच्या मधोमध थांबवून तो शिवून दिला. मागे टेम्पोवाले भोंगे वाजवत होते. “वाजवा, वाजवा,” कात्री म्हणाली, “तुमच्या घरचीच पत्रं आहेत त्यात.”

मग हळूहळू माझे फिरणे कमी झाले. औषधवाल्याच्या भिंतीला छान सावली होती आणि गिऱ्हाइके आपणहून तिथे येऊ लागली होती. चाकांखाली विटा लागल्या. आधी मावशी म्हणायची, “उद्या हलवू.” नंतर तेही म्हणेनाशी झाली. मी गंजत होते, पण बोलणार कोणाला? शिवणयंत्राला रोज तेल मिळायचे. त्यातला एक थेंब माझ्याकडे वळवावा, असे कुणाला वाटले नाही.

आणि मग नगरपालिकेने रस्ता डांबरी केला. त्या कामावरचा मुकादम मोठा मऊ स्वभावाचा माणूस. तो येऊन म्हणाला, “मावशी, गाडी जरा बाजूला घ्या.”

“पाचच मिनिटं थांबा दादा, एवढी चेन लावते. समोर बाळ थंडीत उघडं बसलंय.”

मुकादमाने त्या बाळाकडे पाहिले, धूर सोडणाऱ्या डांबराकडे पाहिले आणि म्हणाला, “राहू द्या. आम्ही कडेकडेने घेतो.”

त्यांनी कडेकडेने घेतले. कडेकडेने म्हणजे माझ्या चाकांभोवतीच! गरम डांबर पायात शिरले तेव्हा मी किती किंचाळले, ते फक्त मलाच माहीत. दुसऱ्या दिवशी ते थंड झाले आणि रस्त्याबरोबर मीही पक्की झाले.

त्यानंतर काही वर्षांनी नगरपालिकेने मालमत्ता कराची नवी आकारणी काढली. सभेत ठरले की सगळ्या शहराची पुन्हा मोजणी करायची. ज्याला छप्पर आहे, ज्याच्या तीन बाजू बंद आहेत आणि जे जागचे हलत नाही, ती मालमत्ता. तिच्यावर कर लागणार, शिवाय सफाईचे शुल्क आणि दिवाबत्तीचेही. एके दिवशी मोजणीसाहेब फीत घेऊन आमच्या कोपऱ्यावर आले. त्यांनी फितीचा आकडा माझ्या फळीत अडकवला, तेव्हा मला गुदगुल्याच झाल्या.

“हे काय चाललंय?” कात्रीने विचारले.

“मोजमाप. छप्पर आहे, तीन बाजू बंद आहेत, जमिनीत रोवलेलं आहे.”

“रोवलेलं? अहो, चाकं आहेत तिला! डोळे कुठं ठेवून आलात?”

“मग हलवून दाखवा.”

मावशी आणि कात्री दोघींनी मला ढकलले. मी जीव खाऊन जोर लावला, मित्रांनो, खरेच लावला. पण मी तसूभर हलले नाही. साहेबांनी मान डोलावली आणि एक पत्र्याची पाटी माझ्या छातीवर ठेवून खिळा ठोकला. पाटीवर क्रमांक होता.

खरे सांगू? आधी मला जरा ऐटच वाटली. औषधवाल्याच्या दुमजली इमारतीलाही अगदी तशीच पाटी होती. आता आम्ही बरोबरीच्या, असे मी मनात म्हटले. मग मावशीने साहेबांनी हातात दिलेली नोटीस वाचली आणि चालते यंत्र मधेच थांबले. अर्ध्या बाहीत सुई तशीच रुतून राहिली.

नोटिशीत लिहिले होते की हे व्यापारी बांधकाम आहे, म्हणून वाढीव दराने कर भरावा. शिवाय बांधकामाची परवानगी सापडत नाही. तीही दाखवावी, नाही तर ते पाडण्यात येईल.

पाडण्यात येईल! म्हणजे मला! बुलडोझरने! सगळी ऐट एका क्षणात उतरली.

“वन्सं,” मावशी हळूच म्हणाली, “थोडं थोडं करून भरून टाकू या का? त्या साहेबलोकांशी कुठं वाद घालायचा? मला तर तिथं पाय ठेवला की शब्दच सुचत नाहीत.”

“वहिनी, आज हिला घर म्हणतायत, उद्या आपल्या मशीनला गिरणी म्हणतील. आणि भरून तरी काय? परवानगी कुठून आणायची? गाडी बांधायची परवानगी कुणी घेतलीये आजवर?”

“मग करायचं काय?”

“नोटिशीत खाली लिहिलंय ना, सोमवारी हरकतींची सुनावणी? जायचं.”

“जाऊन काय दाखवायचं? आपल्याकडे कागद नाही, पत्तर नाही.”

कात्रीने माझ्या फळीवर थाप मारली. “ही आहे की! हिलाच घेऊन जायचं.”

त्या रविवारी माझ्या पायांवर रॉकेल ओतले गेले, छिन्नी चालली, हातोडी चालली. औषधवाला दुकानाच्या पायरीवर उभा राहून सल्ले देत होता. कात्री म्हणाली, “भाऊ, सल्ल्याची गोळी पुरे. हात लावा.” मग त्यानेही बाह्या सरसावल्या. तीन चाके सुटली, चौथे काही केल्या सुटेना. एवढ्यात तिथून मुकादम चालला होता. तो थांबला, ओशाळला आणि जाऊन पहार घेऊन आला.

“सरका मावशी. हे डांबर मीच ओतलंय, मलाच उपटू द्या.”

कडकड आवाज झाला. माझी एक फळी चिरली. पण चौथे चाक वर आले आणि येताना रस्त्याचा एक तुकडा बरोबर घेऊनच आले. पायात चप्पल असावी तसा तो चाकाला चिकटून बसला. छिन्नी बोथट झाली तरी तो निघेना. “राहू दे तसाच,” कात्री म्हणाली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकत होते.

सोमवारी मी निघाले. आहाहा! इतक्या वर्षांनी वारा अंगावर घेत निघाले! चाकाची ती चप्पल प्रत्येक फेऱ्याला रस्त्यावर आपटत होती. ठक... ठक... ठक.

“कुठं निघालं घर?” भाजीवाली ओरडली.

“सुनावणीला!” कात्रीने उत्तर दिले. “आलीस तर ये, घराला जरा हात लाव.”

भाजीवाली आली. शाळेला निघालेली पोरे आली. सगळे मिळून मला ढकलू लागले आणि चढावर तर मी अक्षरशः धावले.

नगरपालिकेचे सभागृह तळमजल्यावर आहे. मला दारातून आत जाता येईना, म्हणून त्यांनी मला अंगणात, उघड्या खिडकीला भिडवून उभे केले. आत नगराध्यक्षाबाई हरकती ऐकत होत्या आणि मोजणीसाहेब उभे राहून सांगत होते, “बाई, सदर मालमत्ता पक्क्या स्वरूपाची असून ती जागेवरून हलत...”

ठक.

“...नाही,” साहेब खिडकीकडे बघत म्हणाले.

“साहेब,” कात्रीने खिडकीतून डोके आत घातले, “तुमची पक्की मालमत्ता बाहेर आलीये. भेटून घ्या.”

सभागृहात असा हशा पिकला की टेबलावरचे पाण्याचे पेले हलले. साहेबांचे कान लाल झाले. पण तेही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. म्हणाले, “ठीक आहे. मग हे वाहन आहे. इतकी वर्षं एका जागी उभं होतं, त्याचं पार्किंग शुल्क लागेल.”

“आता वाहन? मग बांधकामाची परवानगी कसली मागत होतात? चाकांची?”

नगराध्यक्षाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केले. त्या उठून खिडकीशी आल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. “पण चाकं होती तर गाडी आजवर हलली का नाही?” त्यांनी कात्रीला विचारले.

कात्रीने माझ्या चौथ्या चाकाकडे बोट दाखवले. गर्दीतून मुकादम पुढे आला. नोकरीचा माणूस तो, तरीही बोलला. “बाई, ते डांबर आपलंच आहे. नगरपालिकेचं. गाडी न काढताच मी रस्ता केला होता.”

“म्हणजे,” नगराध्यक्षाबाई सावकाश म्हणाल्या, “आपणच चिकटवली, आणि चिकटलेली आहे म्हणून आपणच कर लावला?”

कुणीतरी खोकले. कुणीतरी पंख्याकडे पाहू लागले.

निर्णय झाला. घराचा कर रद्द, पार्किंगही रद्द. इतर गाड्या भरतात तेवढेच शुल्क मी भरायचे आणि रोज एकदा तरी जागा बदलायची. कात्रीने विजयी मुद्रेने मला वळवायला घेतले, तोच आवाज आला, “बाई, मला बोलायचंय.”

मावशी! आमची मावशी, जिला तिथे शब्दच सुचत नसत! पदराचे टोक तिने मुठीत घट्ट धरले होते, पण ती खिडकीसमोरून हलली नाही.

“गाडीचं शुल्क मी भरेन. एक दिवस चुकवणार नाही. पण त्यात सफाईचेही पैसे घेता ना? मग झाडूवाला आमच्या कोपऱ्यापर्यंत येऊ दे. आजवर तो कोपरा मीच झाडतेय. पावती देणार असाल तर झाडूही द्या.”

आता कुणी हसले नाही. नगराध्यक्षाबाईंनी ते लिहून घ्यायला सांगितले आणि लिहून होईपर्यंत मावशी तिथेच उभी राहिली. कात्री तिच्याकडे अशी बघत होती, जणू वहिनीला आजच पाहिले. “वहिनी,” ती शेवटी म्हणाली, “आता कात्री हे नाव तुम्हीच घ्या.”

मोजणीसाहेबांनी पक्कड मागवली आणि स्वतः माझी पाटी काढली. पाटी निघाली, पण खिळा मात्र निघेना. शाळेच्या बाकाचे लाकूड आहे, एकदा धरले की सोडत नाही!

तेव्हापासून मी रोज फिरते. झाडूवाला येतो, कधी उशिरा येतो, मग मावशी त्याला नगरपालिकेतल्यासारख्याच आवाजात हाक मारते. माझी चिरलेली फळी सुताराने सांधून दिली आहे. चाकाची चप्पल मात्र कात्रीने काढू दिली नाही. संध्याकाळी घरी परतताना आम्ही मुद्दाम नगरपालिकेवरून जातो. ठक, ठक, ठक. आत कुणाची तरी लेखणी थांबत असेल, अशी माझी खात्री आहे.

मित्रांनो, तुमच्याही जिन्याखाली एखादी सायकल, एखादी ढकलगाडी वर्षानुवर्षे टेकून उभी असेल. जा, तिला बाहेर काढा. चाकात तेल घाला, एक चक्कर मारून आणा. ज्याला आपण हलवायचे सोडून देतो, त्याला लोक वाटेल ते नाव देतात, आणि हे फक्त गाड्यांचेच होते असे मुळीच समजू नका.

माझ्या तेलाची बुधली आता माझ्या छातीवरच लटकलेली असते, त्याच न निघालेल्या खिळ्याला. खिळा नगरपालिकेचा आहे, हे मला ठाऊक आहे. त्याचे भाडे अजून कुणी मागितलेले नाही.

मागून तर बघा!