घंटेचा स्वर बदलणेबाबत

"तुमची घंटा वाजली की माझ्या चाळीस बाया घमेली टाकून वढ्यात पळत्यात. दिसातून चारदा. काम व्हायचं कवा?" मुकादम आसाराम मठाच्या ओसरीपुढे उभा राहून विचारत होता.

सिस्टर स्कोलास्टिकांनी पेटीचा भाता मिटला. समोरच्या पाच मुली मघापासून धैवतावर अडकल्या होत्या. त्यांना मुकादम देवासारखा वाटला.

स्कोलास्टिका हे नाव गावाला झेपले नव्हते. गावाने त्यांची कोळसाबाई केली आणि त्याही त्या हाकेला ओ देऊ लागल्या. राहुरीकडच्या एका ख्रिस्ती मास्तरांची ही लेक विसाव्या वर्षी बेनेडिक्टाइन मठात आली. आता पंचेचाळिशी. मधल्या काळात त्यांनी संगीत शिकवले, आणि बेसूर गाणाऱ्यांना क्षमा केली. दुसरे काम जास्त होते.

साल बहात्तर. पाथर्डीच्या बाजूला पिकण्यासारखे काही उरले नव्हते, म्हणून सरकारने डोंगर फोडायला काढला होता. मठामागेच खडी सेंटर. सुरुंगाचा बार उडवण्याआधी तिथे तारेने आवळून बांधलेला रुळाचा तुकडा बडवत. तो वाजला की बायांनी ओढ्यात दडायचे. मठात मात्र दिवसातून सात प्रार्थना आणि सात घंटा. त्यातल्या चार कामाच्या वेळेत.

सिस्टरांनी आसारामला रूळ बडवून दाखवायला लावला. मग ओसरीवर येऊन पेटीची काळी चार दाबली.

"दोन्हीचा सूर एकच आहे, आसाराम. आज घंटेला रूळ समजून पळतात. उद्या रुळाला घंटा समजून बसून राहतील."

"बाई, सुरुंगाला सूर कळत न्हाई."

"म्हणूनच बायकांना कळायला हवा."

मठाच्या प्रमुख मदर म्हणाल्या, घंटा बिशपांनी आशीर्वाद दिलेली आहे, त्यांना विचारावे लागेल. सिस्टरांनी ओव्हरसियरकडे अर्ज केला. विषय : घंटेचा स्वर बदलणेबाबत. पंधरा दिवसांनी उत्तर आले की, स्वर ही बाब या खात्याच्या अखत्यारीत येत नाही. तथापि योग्य तो विचार करण्यात येईल. सरकारी मराठीत 'तथापि'इतका भयंकर शब्द नाही, पण हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

दरम्यान आसारामने आपला तोडगा काढला : मी सांगितल्याशिवाय कोणी उठायचे नाही. तिसऱ्या दिवशी तो सांगायला जरा उशिरा आला. एक दगड केशरबाईच्या घमेल्याचा तळ घेऊन गेला. केशरबाई घमेल्यापासून दोन हातांवर होती.

मग सिस्टर भाकरीच्या सुट्टीत सेंटरवर जाऊ लागल्या. मदरना सांगितले, भजन शिकवते. शिकवत होत्या कान.

"डोळे मिटा. आमची घंटा वाजल्यावर मागे थरथरत राहते. रूळ तुटल्यासारखा थांबतो. थरथरला तर बसायचं, तुटला तर पळायचं. आवाज विरेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत."

"कोळसाबाई, आमी जन्माच्या बहिऱ्या," भागूबाई म्हणाली. "सासू वरडती ते बी ऐकू येत न्हाई."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. पण कान होता तो भागूबाईलाच. महिन्याभरात ती पहिल्या टोल्यालाच सांगू लागली, "देवाची हाय, बसा गं." आणि चाळीस हातोडे पुन्हा चालू होत. पंचवीस वर्षांत अशी शिष्या मिळाली नव्हती. दुष्काळ सरला की तिला पेटीवर बसवायचे, हे सिस्टरांनी मदरना विचारून ठेवले होते. मदर हो म्हणाल्या होत्या; बिशपांना न विचारता.

मार्गशीर्षात 'तथापि'ला फळ आले. एका सकाळी रूळ उतरला आणि त्याच्या जागी बंद पडलेल्या एका शाळेची पितळी घंटा लागली. बदलाची सूचना रीतसर फळ्यावर चिकटवण्यात आली. चाळीसपैकी वाचता येणारी एकही नव्हती. आसाराम वर सुरुंगवाल्यापाशी होता. घंटा ती घंटा, वाजली की पळतील, असा त्याचा हिशेब होता.

साडेअकराला ती वाजू लागली. मठाच्या घंटेहून दोन सूर वर, आणि मागे लांबवर थरथरणारी. ओसरीतल्या मुलींनी कौतुकाने माना वळवल्या. घंटा खरोखर चांगली होती.

मठात पळायला मनाई आहे. सिस्टर पळाल्या. डोक्यावरचे वस्त्र बाभळीला अडकले, ते तिथेच राहिले. उघड्या डोक्याची कोळसाबाई हात हलवत ओढ्यात उतरताना दिसली, तेव्हा हिला झाले तरी काय म्हणून बाया हातोडे टाकून तिच्याकडे धावल्या.

ओढ्यात एकोणचाळीस पोचल्या.

भागूबाई कड्याला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती. आवाज अजून विरला नव्हता.

भागूबाईच्या मृत्यूचा पंचनामा दुसऱ्या दिवशी झाला. तंबूत फौजदाराने सिस्टरांना विचारले, बार उडवण्यापूर्वी इशारा दिला होता का? दिला होता, त्या म्हणाल्या. स्पष्ट ऐकू येईल असा? मठापर्यंत स्पष्ट आला. बाजूला उभ्या आसारामने श्वास सोडला. सगळे नियमाप्रमाणे झाले होते.

"आता पुढचं लिहा. असा आवाज आला की बसून राहायचं, हे तिला मी शिकवलं."

"सिस्टर, त्याला रकाना नाही."

सिस्टरांनी त्याच्यापुढचा टाक घेतला आणि समासात लिहिले : मी शिकवले. खाली सही केली. फौजदाराने टीपकागद उचलला, पुन्हा खाली ठेवला. शाई आपली आपण वाळेपर्यंत तिघेही त्या कागदाकडे बघत राहिले.