सलाईनच्या स्टँडचा घाव

मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. मित्रांनो, हसू नका. तुम्ही आजारी पडता तेव्हा पलंगाशेजारी बाटली धरून जो लोखंडी दांडा मुकाट उभा असतो, तोच मी. आज मी मधोमध वाकलो आहे आणि माझ्या दोन आकड्यांपैकी एक तुटला आहे. हे म्हातारपणाचे दुखणे नव्हे. मला उगारून माणसांना मारले, त्याची ही खूण आहे.

खोपोलीच्या एका वर्कशॉपात मला वेल्डिंग करून जोडले, पांढरा रंग दिला, खाली चाके लावली. तेव्हा काय ऐट होती माझी! पुढे मी हायवेलगतच्या एका रुग्णालयात आलो. अपघातात सापडलेली माणसे, साप चावलेली माणसे, तापाने फणफणलेली पोरे, सगळ्यांची बाटली मी धरली. बरा झालेला माणूस डॉक्टरांच्या पाया पडतो, सिस्टरना पेढे देतो. स्टँडला कोण विचारतो? पण माझे बरे चालले होते.

आमच्याकडे शिकाऊ डॉक्टर येत. त्यांची खरी परीक्षा रुग्णासमोरच होई. त्यांनी काम करायचे आणि मोठ्या डॉक्टरांनी बाजूला उभे राहून पाहायचे. हात कसा चालतो, माणसांशी कसे बोलतो, घाबरल्यावर काय करतो. अगदी जिवावर बेतले तरच मोठे डॉक्टर पुढे होत. त्या मोठ्या डॉक्टरांतल्या जागृती मॅडम तर हात पाठीमागे बांधून नुसत्या बघत राहायच्या. पोरे त्यांना टरकून असत.

त्या दुपारी पळसदरीहून कमलेशला टेंपोतून आणले. बांधावरून भांडण होऊन शेजाऱ्याने त्याच्या मांडीत कोयता घातला होता. दारापासून पलंगापर्यंत रक्ताची धार लागली. शिकाऊ डॉक्टर हर्षला पुढे झाली. ती लोधिवलीची, शेतकऱ्याची लेक. तिने जखमेत कापड कोंबले आणि अंगाचा सगळा भार देऊन दोन्ही हातांनी दाबून धरले. सिस्टरने सुई लावली, माझ्या आकड्यावर बाटली चढली. सर्जन कर्जतहून निघाले होते. ते येईपर्यंत हर्षलाने हात उचलायचा नाही, नाहीतर कमलेश गेला. ती अचूक करत होती, म्हणूनच मॅडम हात बांधून गप्प उभ्या होत्या.

दारातून कमलेशचा धाकटा भाऊ रूपेश हे बघत होता. त्याला भलतेच दिसले.

"ओ मॅडम, तुमी नुसत्या बघताय काय? हात लावा ना!"

"ती बरोबर करतेय. तुम्ही बाहेर थांबा."

"ती शिकाऊ पोरगी हाय! माझ्या भावावर हात साफ करायला लावलाय काय तिला?"

तो आत घुसला, मागोमाग चौघे घुसले. काचा फुटल्या, औषधांची ट्रॉली उलटली, सिस्टर भिंतीवर आपटली. रूपेशने मला हिसडा मारून उचलले. बाटली फुटली, त्याच्याच भावाच्या हातातली सुई उपटून निघाली, पण त्याला भान कुठले! पहिला घाव मॅडमच्या मनगटावर बसला. हाड मोडलेले मला माझ्या लोखंडात जाणवले. दुसरा त्यांच्या कपाळावर बसला आणि माझा आकडा तुटला. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. तिसरा घाव हर्षलाच्या पाठीवर पडला. ती किंचाळली, पण हात हलवले नाहीत.

"मार रं, मार! पन मी हात काढला तर तुझा भाऊ जाईल! रक्त थांबलंय, बघ तरी!"

रूपेशने पाहिले. मग त्याने मला खाली टाकले.

सर्जन वेळेत पोहोचले आणि कमलेश वाचला; रूपेशला पोलिसांनी रात्रीच नेले. सकाळी मॅडम प्लास्टरमधला हात घेऊन आल्या आणि त्यांनी हर्षलाला निकाल सांगितला.

"हात उत्तम. धीर माझ्यापेक्षा जास्त. नातेवाइकांशी बोलण्यात नापास. तू कोण, मी बाजूला का उभी, हे त्याला आपण सांगितलंच नाही."

"मॅडम, मला वेळ कुठं होता?"

"मला होता," मॅडम म्हणाल्या. "म्हणून मीपण नापास. त्यानं मारलं ते पाप त्याचंच. पण पुढच्या वेळी आधी बोलायचं."

एवढ्यात हवालदार आले. त्यांनी माझ्या गळ्यात 'हत्यार' अशी चिठ्ठी बांधली आणि मला उचलले. आता मी पोलीस ठाण्याच्या अंधाऱ्या खोलीत गंजत पडलो आहे. जन्मभर बाटली धरली, आणि नाव काय मिळाले!

मित्रांनो, तुमचे माणूस पलंगावर असेल तेव्हा भीती वाटेल, रागही येईल. विचारा. हवे तर ओरडून विचारा. पण हाताला लागेल ते उचलू नका. त्या सकाळी हवालदार मला रुग्णालयाबाहेर नेताना मी मागे पाहिले. दुसरा स्टँड मिळेना, म्हणून त्या भावांची आई सोनुबाई बाटली हातात उंच धरून उभी होती. एक मुलगा पलंगावर, दुसरा कोठडीत. तिचा हात भरून आला होता, तरी ती तो खाली घेत नव्हती.