सुटलेले तीन डबे

"डबे सुटले की आवाज होत नाय," बाबाजी माइकमध्ये म्हणाले. "पिक्चरात लय आवाज केलाय त्यांनी. तेवढं खोटं हाय. बाकी चांगला हाय."

सफाला हसू आलं. पेणच्या टॉकीजच्या पायऱ्यांवर दुपारचा खेळ सुटला होता आणि ती हातात मोबाइल आणि छोटा माइक घेऊन उभी होती. कॉलेजात शिकणारी मुलगी. नवा पिक्चर लागला की पहिल्या शुक्रवारी ती बाहेर पडणाऱ्या लोकांची मतं घ्यायची आणि आपल्या चॅनेलवर टाकायची. आजचा पिक्चर तर सगळ्यांनाच बोलतं करत होता. विषारी रसायनानं भरलेली मालगाडी ड्रायव्हरविना सुटते, भर वस्तीकडे निघते आणि हिरो हेलिकॉप्टरमधून तिच्यावर उडी मारतो. एक रिक्षावाला म्हणाला, पैसा वसूल. एक बाई म्हणाली, माझं बीपी वाढलं, पण पोरांना घेऊन परत येणार. दोन पोरांना हिरोपेक्षा तो यार्डातला म्हातारा लक्षात राहिला होता. चाकं अडवायचे लाकडी गुटके न लावता चहाला गेलेला, ज्याच्यामुळे गाडी सुटते तो.

"त्याला लोकं मारतात ना, तो सीन बेस्ट," त्यातला एक म्हणाला. "अजून मारायला पायजे व्हता."

त्या सीनला अख्ख्या टॉकीजनं शिट्ट्या मारल्या होत्या. टाळ्या तर बाबाजींच्या मुलीनं, नूतननेही वाजवल्या होत्या. ती पेणमधल्याच एका अंगणवाडीत सेविका होती. गाड्यांचा पिक्चर आहे, बाबांना आवडेल, म्हणून तीच त्यांना घेऊन आली होती. बाबाजींची उभी हयात खाडीपलीकडच्या एका कंपनीच्या रेल्वे सायडिंगवर मालडबे लावण्या-काढण्यात गेली होती. आता ती कंपनीही उरली नव्हती.

"चाचा, तुम्हाला कसं माहीत, आवाज होत नाय ते?" सफाने विचारलं.

"माझ्याकडून सुटले व्हते," बाबाजी म्हणाले. "तीन डबे. एक माणूस मेला."

सफाचा माइक तसाच त्यांच्यासमोर राहिला. मागून उतरणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती. नूतनला आधी वाटलं, बाबा काहीतरी भलतंच बोलताहेत, वयानं गोंधळले असतील. कारण सायडिंगवर मेलेला एकच माणूस तिला माहीत होता, मोरूकाका. आणि मोरूकाका स्वतःच्या चुकीनं मेला, गुटके लावायचं त्याचं काम होतं, त्यानं ते लावले नाहीत, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बाबांनीच सांगितलेलं.

तिनं त्यांचा दंड धरून त्यांना पायऱ्यांच्या कडेला घेतलं.

"बाबा, काय बोलताय तुम्ही? मोरूकाका?"

"व्हय."

"पण गुटके तर त्यांनी..."

"गुटके माझं काम व्हतं, नूतन. हँडब्रेक पिळायचा, चाकाखाली गुटके सारायचे, मग डबे सोडून निघायचं. बावीस वर्षं लावले. त्या दिवशी लावले असंच मला वाटलं. दोनशे पावलं गेलो आणि हाताला गुटके लागलेच नाय ते ध्यानात आलं. वळून बघतो तर डबे चाललेत. एकदम हळू. आवाज नाय, काय नाय. मी धावलो. हाका मारल्या. खाली उताराला मोरूची पाठ व्हती माझ्याकडं."

"मग चौकशी झाली त्यात?"

"साहेबांनी लिवलं, आज गुटक्याची पाळी मोरूची. म्हनले, त्याला आता काय फरक पडतो, तुझी नोकरी तरी राहील. मी सही केली."

हे सगळं ते जराही आवाज न चढवता बोलले. नूतननं धरलेला त्यांचा दंड सोडला. दर दिवाळीला बाबा तिला घेऊन रोह्याजवळ वरसे गावात कृष्णाकाकीकडे जायचे. मोरूकाकाची बायको. तिच्या ओटीवर बसून त्यांनी फराळ खाल्ला होता. काकीनं रोह्याच्या बाजारात भाजीची टोपली घेऊन बसून एकटीनं मुलगा वाढवला. बापाची चूक म्हणून कंपनीनं त्या मुलाला, नितेशला, नोकरीला घेतलं नव्हतं. तेव्हा बाबा काकीला म्हणाले होते, मी साहेबांना सांगून बघतो.

"अठ्ठावीस वर्षं," नूतन म्हणाली. "तिच्या घरचं खाल्लंय आपण, बाबा."

बाबाजींनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसतीच हलली, तिला कळलं नाही.

सफा जवळ येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. "ताई, मी हे नाय टाकत. काढून टाकते."

"काढ," नूतन म्हणाली.

"नको काढूस," बाबाजी म्हणाले. "टाक गो. पन उद्या दुपारच्याला टाक. सकाळी मी वरश्याला जाऊन येतो. तिला आधी माझ्याकडून कळू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघं रोह्याला गेले. सफाने पाठवलेली ती क्लिप नूतनच्या फोनमध्ये होती. खिडकीपाशी बसलेल्या त्या एकाहत्तर वर्षांच्या माणसाकडे ती अधूनमधून पाहत होती आणि हा माणूस आपल्याला ठाऊक नाही, असं तिला वाटत होतं.

कृष्णाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नितेश टेम्पो घेऊन कोलाडला गेला होता.

"आज कसं काय येनं केलंत, भावजी? सन नाय, वार नाय," ती उठत म्हणाली. "बस गो नूतन. पानी आनते."

"पानी नको. बसा वैनी. आधी ऐका," बाबाजी म्हणाले. ते स्वतः बसले नाहीत. काल पायऱ्यांवर जे सांगितलं तेच त्यांनी उभ्यानं सांगितलं. साहेब, कागद, सही, काही गाळलं नाही.

कृष्णाबाई ऐकत राहिली. तिच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. नूतनला वाटलं, आता ही किंचाळेल, धावून येईल. मनातून ती त्याचीच वाट बघत होती.

"गुटके कुनाचं काम व्हतं?" कृष्णाबाईनं विचारलं, जणू आधीचं काही ऐकलंच नव्हतं.

"माझं."

"आनि त्यांचं काय काम व्हतं?"

"खाली रूळ बदलायच्या काट्यापाशी उभं राहून झेंडी दावायची."

"मंग ते तितंच उभे व्हते?"

"व्हय."

"म्हंजे आपल्या कामावरच व्हते."

"कामावरच व्हते, वैनी."

कृष्णाबाईनं हातातली शेंग खाली ठेवली. मग नूतनकडे वळून हळूच म्हणाली, "मी नितेशला रोज सांगत आले गो, बापासारका येंधळा होऊ नको. त्यांच्या श्राद्धाला जेवताना पन सांगितलंय. पानावर बसून. मी त्यांना शिव्या देत आले. एवढी वर्षं. मेल्या मानसाला." तिनं पदर तोंडाला लावला नाही की डोळे पुसले नाहीत. नुसती जमिनीकडे बघत बसली.

"मला काय बोलायचं ते बोला," बाबाजी म्हणाले.

"तुमाला काय बोलू?" ती म्हणाली. "तुमच्यासाठी माझ्याकडं आता टाइम नाय."

नूतननं मग कालची गोष्ट सांगितली. टॉकीज, ती मुलगी, दुपारी सगळ्यांना दिसेल ते बोलणं. कृष्णाबाईनं हात पुढे केला. नूतननं क्लिप लावून फोन तिच्या हातात दिला. दहा-बारा सेकंदांत ती संपली.

"यात नाव कुटं हाय?"

"काय?"

"एक मानूस मेला, म्हनतात. कुनी एक? अख्ख्या रोह्याला त्यांचं नाव ठावं हाय. गुटके न लावनारा मोरू. ते नाव बाजारात माझ्या पाठी बोललेलं मी ऐकलंय." ती उठली. गुडघ्यावर हात दाबून, पण उठली. "आता परत बोला. हितं. नूतन, तू घे त्यात."

तिनं बाबाजींना अंगणाच्या मधोमध, उजेडात उभं केलं. बाबाजींनी टोपी काढून हातात घेतली. नूतननं फोन दोन्ही हातांनी धरला.

"मी बाबाजी नारायण ठाकूर," ते म्हणाले. "आमच्या सायडिंगवर तीन डबे सुटले, ते माझ्या चुकीनं. मोरूची चूक नव्हती..."

"मोरू नाय," कृष्णाबाई बाजूनं म्हणाली. "कागदावर पुरं नाव लिवलं व्हतंत ना? तेच पुरं घ्या."

त्यांनी पहिल्यापासून सांगितलं. शेवटचा शब्द नीट आला नाही. कृष्णाबाईनं मान हलवली. "नाय कळलं. परत."

तिसऱ्या वेळी ते नीट बोलले. "मोरेश्वर धर्मा गायकर यांची चूक नव्हती. ते आपल्या कामावर उभे होते. गुटके लावायचं काम माझं होतं, मी लावले नाहीत. मग त्यांची चूक म्हणणाऱ्या खोट्या कागदावर सही केली."

"हे दे त्या पोरीला," कृष्णाबाई म्हणाली. "ते पिक्चरचं टाकायचं तर टाकू दे, पन हे पन टाक म्हनावं. आनि आधी नितेशला पाटव."

मग तिनं फोन परत मागून घेतला. बघायला नाही. तिनं तो कानाला लावला आणि ओटीच्या कडेला टेकून ऐकलं. संपल्यावर नूतनकडून पुन्हा लावून घेतलं. नाव आलं की तिचे ओठ हलत होते.

बाबाजी टोपी हातात घेऊन अंगणात उभे होते. ऊन चांगलंच वर आलं होतं. त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं, आणि ते बसले नाहीत.