शेरा : चांगले

मी एक जुने व्याकरणाचे पुस्तक आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला तुमची दया नको. माझा जन्म किर्गिझस्तानात, राजधानी बिश्केकच्या छापखान्यात झाला. तिथून मालट्रकमध्ये बसून, दोन घाट ओलांडून, मी नारिनच्या डोंगरातल्या एका गावशाळेत आलो. तेव्हा माझा काय तोरा होता! किर्गिझ भाषेत वाक्य कसे बांधावे, पत्र कसे लिहावे, अर्ज कसा करावा, सारे माझ्या पोटात होते.

माझ्या शेवटच्या पानावर एक तक्ता आहे. दरवर्षी मला वापरणारे मूल तिथे आपले नाव लिही आणि पुढे माझ्या अवस्थेचा शेरा देई. पुस्तक फाटले तर आईबापांनी नवे आणून द्यायचे, असा नियम. नवे आणणार कुठून? म्हणून सगळ्यांनी लिहिले, 'चांगले'. शाळेच्या शिक्षिका झुराकानबाईंनी कधी कोणाला हटकले नाही. त्या मुकाट्याने कणकेच्या खळीने माझी पाठ चिकटवत. माझी सोळा पाने गेली, तरी मी आपला चांगलाच! माझ्यासारखी बाकीची पुस्तके केव्हाच संपली, म्हणून आता चौथीची सात मुले एकदम माझ्यावर ओणवी होतात. समोर बसणारा एक मुलगा तर उलटी अक्षरे वाचायला शिकला आहे. वह्या संपल्या की मुले जुन्या वह्यांच्या समासात लिहितात. याचे कौतुक करू नका. मला याचा राग येतो.

यंदा गावाच्या निधीत थोडे पैसे उरले. बाईंनी पुस्तके आणि वह्या मागितल्या. गावप्रमुख शेरकुल यांना मात्र घोड्यांच्या मैदानाला कुंपण घालायचे होते. भर सभेत त्यांनी मला मागवले आणि शेवटचे पान उघडून लोकांपुढे धरले.

"बघा बाई, तुमच्याच पोरांनी लिहिलंय. चांगले, चांगले, चांगले! मग नवी हवीत कशाला?"

बाईंची मान खाली गेली. पालकांसाठी केलेली डोळेझाक आता मुलांच्याच मुळावर आली होती. तेवढ्यात चौथीतली बेगायिम पुढे झाली.

"काका, वरून तिसरं नाव वाचा ना."

शेरकुल थबकले. तिसरे नाव त्यांचेच होते.

"अर्जाची पानं त्याच वर्षी गेली," बाई म्हणाल्या. "कुरणावर चूल पेटवायला. मला ठाऊक होतं."

मागून एक म्हातारी खिदळली, "तरीच जिल्ह्याच्या कचेरीतून तुझे अर्ज परत येतात होय रे!"

सगळी सभा हसली. शेरकुलांचे कान लाल झाले. बेगायिमने त्यांच्यापुढे पेन धरले.

"आता खरं लिहा, काका. तुम्ही लिहिलंत की आम्हालाही लिहिता येईल."

त्यांनी पेन घेतले. मग 'चांगले' खोडून लिहिले, 'फाटके. मी फाडले.' आणि पुटपुटले, "कुंपणाचं पुढच्या वर्षी बघू."

वसंतात शाळेत सात नवी पुस्तके आली, वह्यांचे गठ्ठेही आले. मित्रांनो, पुस्तकाला कव्हर घाला, पाने दुमडू नका, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळे सांगतो. पुस्तक संपले असेल, तर संपले म्हणून मोठ्यांना तोंडावर सांगा. नवे मागा, आणि मिळेपर्यंत मागत राहा. त्यात लाज कसली?

माझ्या तक्त्यातली शेवटची ओळ आता बेगायिमच्या अक्षरात आहे : 'निकामी.' तीस वर्षे मला चांगले म्हटले गेले, पण माझी मान ताठ झाली ती या एका शब्दाने.