दात न दिसलेली गायिका

आमच्या भावोजींना माणूस चेहऱ्याने लक्षात राहत नाही, दातांनी राहतो. ते कवळ्या बनवतात. दंतवैद्य मापं पाठवतात आणि भावोजी घराच्या मागच्या खोलीत बसून त्या मापाचे दात घडवतात. आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेत आजवर गायलेल्या झाडून सगळ्यांचा डेटाबेस करायचं आम्ही दोघांनी ठरवलं, ते याच खोलीत. मुख्य गायकांचं काही अवघड नव्हतं, ते जगाला पाठ आहेत. खरी मजा त्यांच्या मागे उभं राहून सूर धरणाऱ्यांची. आज एका देशासाठी गातील, चार वर्षांनी केस रंगवून, नाव बदलून दुसऱ्याच देशासाठी. भावोजी चित्र थांबवतात, स्क्रीनला नाक लावतात आणि म्हणतात, "मेहुणीबाई, डावा सुळा बघा. ही तीच." आणि ती तीच निघते. मी कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर अर्धवट पत्त्यांची पार्सलं मार्गी लावते, पण असा पत्ता लागला की होतो तो आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही.

थापाड्यांचा मात्र सुळसुळाट. आमचं संकेतस्थळ सुरू झालं आणि ज्याचा त्याचा काका स्पर्धेत गाऊन आलेला. एकाची आत्या तर अशा वर्षी गायली होती, ज्या वर्षी त्यांच्या देशाने भागच घेतला नव्हता. तेव्हापासून भावोजींनी कानाला खडा लावला. दात दिसल्याशिवाय नोंद नाही. मलाही ते पटलं होतं.

आणि मग त्या बाईंचा ईमेल आला. त्यांची आई आपल्याच देशाच्या एका जुन्या गाण्यात गायली होती म्हणे, पण पडद्यामागून. मंचावर पाच जणी, ही सहावी. आमच्या पानावर अर्थातच पाचच. घरात नातवंडं आजीची थट्टा करत आली, ते तिने हसण्यावारी नेलं. पण आमचं पान कोणीतरी तिला दाखवलं आणि त्यानंतर ती त्या गाण्याचा विषयच काढेनाशी झाली. शेवटी लेकीने लिहिलं होतं, "आई आता म्हणते, मी गायलेच नसेन, मला तसं वाटत असेल. तुमच्याकडे काही असेल तर बघा."

एका बाईचं तरुणपण आम्ही पुसून बसलो होतो, तेही चोख काम केल्याच्या तोऱ्यात. भावोजी मात्र मान हलवत राहिले. एकीला सूट दिली की उद्या सगळे काका पडद्यामागे जाऊन उभे राहतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, काका राहू देत, मी त्या बाईंना फोन करते. आणि केला. लेकीला सांगितलं की आईंना त्यांचा सूर गायला सांगा, नुसता त्यांचा, मागे गाणं न लावता, आणि रेकॉर्ड करून पाठवा.

रविवारी जेवणं झाल्यावर रेकॉर्डिंग आलं. मी धावतच मागच्या खोलीत गेले. लावलं, तर कसलं गाणं आणि कसलं काय. म्हातारा, थरथरता आवाज तीनच सुरांवर घुटमळतोय, मध्येच गप्प होतोय, पुन्हा तेच. त्या गाण्याशी नावालाही नातं नाही. भावोजी हातातला दातांचा साचा पुसत राहिले. मला रडू यायचं बाकी होतं.

पण हार मानेन तर मी कसली. जुनं गाणं संगणकावर सुरू केलं आणि त्यावर आजींचा आवाज फोनवरून सोडला. पहिल्यांदा नुसता गोंधळ. जरा मागून सोडला, तरी गोंधळ. मग ध्रुवपद सुटून दुसरं कडवं लागलं तिथे सोडला, आणि भावोजींच्या हातातला साचा टेबलावर पडला. आजी थांबत होत्या तिथे मंचावरच्या पाच जणी श्वास घेत होत्या. त्या तीन सुरांवर अख्खं कडवं उभं होतं. मी खुर्चीतून उठलेच. भावोजी म्हणाले, पुन्हा. आम्ही पुन्हा लावलं, आणि परत एकदा.

"हा योगायोगही असेल," भावोजी पुटपुटले, पण आवाजात दम नव्हता. मी फोन बंद केला, नुसतं जुनं गाणं लावलं. इतक्यात माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, वैतागून दारात आली. तिला या स्पर्धेचा मनापासून तिटकारा. तिला ईमेलमधलं काही ठाऊक नव्हतं, आणि न्हात असल्यामुळे आजींचा आवाजही कानावर पडला नव्हता. मी विचारलं, यात किती जणी गातायत, सांग. ती स्क्रीनकडे पाठ करून, केस पुसत ऐकत राहिली आणि खालच्या पट्टीत गुणगुणू लागली. तेच तीन सूर.

"ही खालची एक आहे की वेगळी," ती म्हणाली. "काखेत कळसा नि गावाला वळसा. दातच बघत बसता, ऐकणार कधी?"

भावोजी मुकाट्याने संगणकापुढे बसले. सहावी नोंद उघडली, नाव लिहिलं, वर्ष लिहिलं. दातांच्या रकान्यापाशी त्यांची बोटं अडली. मग त्यांनी लिहिलं, 'दिसले नाहीत, ऐकू आले.' मी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की चष्मा नाकावर घसरला.

फोन मीच केला. लेकीने तो आईच्या हातात दिला. मी सांगितलं, आजी, तुमचा आवाज सापडला, नाव पानावर चढलंय, आता कोणी हसणार नाही.

पलीकडून आवाज आला, थरथरता, पण चांगला ठणठणीत.

"माझं एकटीचं कशाला? पडद्यामागे आम्हाला बसायला बाक होतं. सगळ्या देशांच्या मुली दाटीवाटीने बसायचो, आपली पाळी आली की उठायचो. नावं पाठ आहेत मला. पेन आहे का हाताशी?"

मी भावोजींकडे हात पुढे केला. त्यांनी पेन दिलं.