माणिकचा फोटो

प्रमोदिनीनं दोन बोटांनी लीलाची हनुवटी धरली आणि तिचा चेहरा काचेच्या छपरातून येणाऱ्या उजेडाकडे वळवला, तशी भिंतीपाशी बसलेली पार्बताबाई म्हणाली,

"अशी नाई, बाई. थे मान खाली घालून पाहे."

ती म्हणजे माणिक, पार्बताबाईची थोरली लेक; लीला धाकटी. दिवाळीच्या आधी मानमोडीच्या तापाची साथ आली तेव्हा माणिक तान्ह्या पोराला घेऊन हिवरखेडला माहेरी होती. तिथंच ती गेली. पोर तेवढं वाचलं. त्या महिन्यात गावात तिरडीला खांदे मिळेनात, तिथं कुणी कुणासाठी किती रडणार! पार्बताबाई रडली नाही. पण संक्रांतीच्या सुमारास ती म्हणू लागली की मले माणिकचं तोंड आठवत नाही. तिचा आवाज ऐकू येतो, भाकरी थापताना तिचे हात दिसतात, पण डोळे मिटले की चेहरा येत नाही.

घरात माणिकचा एकही फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं तिचे वडील रामराव मानत. त्यांनी सोनाराकडून माणिकच्या नावानं बाईची आकृती ठोकलेला चांदीचा टाक करून आणला. पार्बताबाईनं तो देवघरात ठेवला आणि म्हणाली, ही कोणतीबी बाई असू शकते. मग कापूस घेऊन अकोल्याला गेले असताना रामरावांना बाजारात कुणीतरी सांगितलं की उद्धवपंतांच्या स्टुडिओत गेलेल्या माणसाचाही फोटो करून देतात. फक्त तोंडावळा जुळणारं रक्ताचं माणूस बसवावं लागतं.

उद्धवकडे त्या हिवाळ्यात बहुतेक कामं अशीच येत होती. एरवी वकील, मास्तर, नवी जोडपी यायची. आता लोक यायचे ते गेलेल्यांना मागायला. बायकांना बसवायचं आणि फोटो ज्या काचेवर उमटतो तिच्यावर पेन्सिल-सुरीनं हात फिरवायचं काम त्याची बायको प्रमोदिनी करी.

लीलाच्या अंगावर माणिकचं हिरवं लुगडं होतं. नथ, ठुशी, बांगड्या, सगळं माणिकचंच. रामराव दारापाशी उभे होते. त्यांनी अवघडून विचारलं, यानं लीलाच्या आयुष्याला तर काही होणार नाही ना?

"हा काई तिचा फोटो नोय," पार्बताबाई म्हणाली. "हा माणिकचा हाय."

रामरावांचा चेहरा निवळला. लीलानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"हां, अशीच," पार्बताबाई म्हणाली. उद्धवनं कॅमेऱ्याचं झाकण काढलं.

लीलाची म्हणून एक वेगळी काच घेऊन ठेवावी, असं प्रमोदिनीनं संध्याकाळी उद्धवला सुचवलं. ती कुणी मागितली आहे, असं त्यानं विचारलं.

पुढचे काही दिवस पार्बताबाई नात्यातल्या एका घरी अकोल्यातच राहिली आणि रोज येऊन प्रमोदिनीच्या शेजारी बसली. माणिकचे गाल भरलेले होते, मग प्रमोदिनीनं काचेवर बारीक पेन्सिलीनं गाल भरले. भुवया जुळलेल्या होत्या, मग सुरीच्या टोकानं तिथं खरवडलं; काचेवर खरवडलेलं कागदावर काळं उमटतं. हनुवटीवर गोंदण होतं. पार्बताबाई सांगता सांगता स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवून दाखवी. कधी सांगितलेलं फिरवी. नाक असं नव्हतं म्हणे, मग असंच होतं म्हणे. एकदा म्हणाली,

"तुमीच पाहा आता, बाई. तुमाले जास्त मालूम असन."

काम संपलं तेव्हा काचेवर लीलाचं असं फार थोडं उरलं होतं.

फोटो हातात दिला तेव्हा पार्बताबाईनं तो उजेडात धरला. तिनं अंगठा गालावरून फिरवला आणि पदर तोंडाशी धरून ती रडू लागली. साथीनंतर आज पहिल्यांदा रडली, असं रामराव हलक्या आवाजात उद्धवला म्हणाले. प्रमोदिनीलाही बरं वाटलं. आईच्या खांद्यावरून लीला फोटोकडे पाहत होती.

"माही मान अशी हाय का?" तिनं विचारलं. सगळे पार्बताबाईकडे पाहत होते.

दोन-तीन वर्षांनी, एका दुपारी, लीला पुन्हा स्टुडिओत आली. बरोबर चंद्रभान होता, माणिकचा नवरा. बडनेऱ्याला रेल्वेच्या मालधक्क्यावर तो कामाला होता. तान्ह्या पोराला मावशीसारखी आई मिळायची नाही म्हणून सगळ्यांनी मिळून लीला त्याला दिली होती. पोर आता चांगलं धावत होतं. त्याचा फोटो काढायचा होता.

पोर खुर्चीवर ठरेना. चंद्रभान म्हणाला,

"माणिक, त्याले धरून बस जराशी."

प्रमोदिनीनं वर पाहिलं. लीला उठली, पोराला धरून बसली, ते शांत झाल्यावर बाजूला झाली. चंद्रभाननं मग आपणहून सांगितलं. लग्नात तांदळात नवरीचं नवं नाव लिहितात तेव्हा त्यानं माणिक हेच लिहिलं. त्याच्या तोंडाला त्याच नावाची सवय होती, पोराच्या आईचंही नाव तेच राहिलं, आणि सासूबाईंना किती आनंद झाला होता. तो माणूस वाईट नव्हता. बायकोला काही कमी पडू देत नव्हता, हे तिच्या अंगावरून दिसत होतं.

"तुमच्यासाठी दुसरा छापून नेला होता, तो फोटो लावला आहे ना घरात?" उद्धवनं विचारलं.

"लावला ना, दारासमोरच. हार होता त्याले. पण येनारा-जानारा इचारे, का गा, बाई तं घरात फिरून राहिली, मंग हार कावून? मंग काढून टाकला हार."

पोराचा फोटो झाला. चंद्रभान त्याला रस्त्यावरचे घोडे दाखवायला बाहेर घेऊन गेला. उद्धव काच घेऊन अंधाऱ्या खोलीत गेला. लीला खुर्चीवर पडलेलं पोराचं टोपडं उचलून घडी करत होती.

प्रमोदिनी जवळ गेली. "लीला," तिनं हाक मारली. पोरीनं लगेच मान वर केली नाही.

"एक काच शिल्लक आहे. बस. फोटो काढते. कुणाला सांगायला नको."

लीलानं टोपडं पिशवीत ठेवलं.

"कोनाचा काढता, बाई?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत उभी राहिली.